दादरची फेरी

मुलुंडासारख्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचें एक पाऊल नेहमीं दादरास असतें. लग्नाची खरेदी असो, गौरीगणपतीचीं फुलें असोत, धिम्या गाडींत बसावयाचें आणि भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, शीव अशीं स्थानकें मोजीत दादर गांठावयाचें. आमच्या वडिलांनीं ह्या फेरीस एक नियम घालून दिला होता. काम कांहींही असो, मामा काण्यांच्या उपाहारगृहांतील बटाटेवडा खाल्ल्यावांचून परतावयाचें नाहीं.

नारायण विष्णु काणे ह्यांनीं १९१० सालीं हें दुकान काढलें, आणि नांवांतच 'स्वच्छ' हा शब्द घातला. आज ह्या शब्दाचें कोणास हंसूं येईल. परंतु त्याच्या वीसच वर्षें आधीं, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून रानडे व टिळक ह्यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालें होतें, आणि तो वाद शंकराचार्यांपर्यंत गेला होता. नोकरीसाठीं बिऱ्हाड गांवीं ठेवून मुंबईंत एकटे राहणाऱ्या कारकुनास मात्र भूक लागतच असे. त्याच्या भुकेस आणि त्याच्या संकोचास एकाच शब्दांत उत्तर देणें दुकानदारास भाग होतें. त्या 'स्वच्छ' शब्दांत अर्धा भाग घासलेल्या भांड्यांचा होता व अर्धा सोंवळ्याचा, हें आपण मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. पुढें सोंवळें गळून पडलें आणि भांडीं तेवढीं उरलीं, हें बरेंच झालें.

आमच्या आईच्या मनांतून मात्र तें गळलें नव्हतें. सासूबाईंच्या शिस्तींत ती वाढली. बाहेरच्या अन्नास तिनें कधीं हात लावला नाहीं. वडील दर फेरीस म्हणत, "आज तूंही चल." ती म्हणे, "तुम्ही या जाऊन. मीं घरीं आमटी टाकली आहे." वडील पुडा आणीत, आम्ही मुलें तो फस्त करीत असूं, आणि ती कागदाची घडी घालून ठेवी.

२०१७ सालीं वडील गेले. वर्षश्राद्ध आटोपल्यावर एके सकाळीं आई म्हणाली, "मला दादरास ने." काय आणावयाचें आहे, असें मीं विचारलें. "कांहीं नाहीं," ती म्हणाली.

आम्ही जाऊन बसलों. गर्दी होती, म्हणून समोरच्या दोन जागांवर एक अनोळखी बाई व तिची लहान मुलगी येऊन बसली. त्या कोण, कोठल्या, हें आईनें विचारलें नाहीं. पाण्याचा पेला तेवढा मुलीपुढें सरकविला. वडा आला. तिनें तो मोडला, वाफ जाऊं दिली आणि हळूहळू संपूर्ण खाल्ला. मग म्हणाली, "ह्यांनीं सांगितला तसाच आहे."

थोड्या वेळानें पुन्हा म्हणाली, "चाळीस वर्षें बोलावीत होते. मी आलें नाहीं." ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. चांगल्या दुकानाचा गुण हाच, कीं आपण उशिरा आलों तरी तें तसेंच असतें. माणसांचें तसें नसतें.

रात्रीं तिनें ही हकीकत नातवास सांगितली. त्याचें ठरलेलें दुकान अंधेरीस आहे. तेथें सुशी नांवाचा जपानी पदार्थ मिळतो. शिरका घातलेल्या भाताची वळी, आंत काकडी, बाहेर समुद्रांतील शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा. आजवर तिनें त्याचें वर्णनही पुरतें ऐकून घेतलें नव्हतें. त्या रात्रीं तिनें विचारलें, "शेवाळ धुतलेलें असतें ना रे?"

"असतें, आजी. स्वच्छ असतें."

"मग मलाही ने एकदां," ती म्हणाली. "आणि फार दिवस लावूं नकोस."