विसावा आखणीत हवा

मिरजगाव, ता. कर्जत

चि. बाळ,

तुम्ही चौघे मित्र भाड्याच्या मोटारसायकलींवर म्युनिकहून आल्प्स ओलांडून इटलीत उतरणार, त्याची आखणी वाचली. पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, सगळे लिहिले आहे. विसावा मात्र कुठेच नाही. दमलो की थांबू, असे तुम्ही धरून चालला आहात आणि नेमके तेच मला चुकीचे वाटते. आपल्या गावावरून त्र्यंबकेश्वरची निवृत्तीनाथांची पालखी पंढरपूरला जाते. वारीत रात्रीचे मुक्काम जसे ठरलेले, तसे वाटेतले विसावेही ठरलेले. कुणी थकले म्हणून पालखी थांबत नाही, विसाव्याची जागा आली म्हणून थांबते. म्हणून तर तरणा पोरगा आणि सत्तरीची आजी एकाच दिंडीत शेवटपर्यंत चालू शकतात.

थकवा ज्या मेंदूने ओळखायचा, तोच आधी थकतो, ही खरी अडचण आहे. दुचाकीवर तर ती दुप्पट. हेल्मेटमध्ये तासन्‌तास घुमणारा वारा, क्लच-ब्रेकवर आखडलेली बोटे, आणि घाम अंगावरच वाळत असल्याने न जाणवणारी तहान. शिवाय चौघांत ‘थांबा’ पहिल्यांदा कोण म्हणणार? जो सर्वांत जास्त दमला असेल, तोच बहुधा गप्प राहील. आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून. कायदे करणाऱ्यांनीही हा निर्णय चालकाच्या मनावर सोडलेला नाही. युरोपीय संघात ट्रकचालकाला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची सुट्टी सांगितली होती. ब्रिटनची वाहतूक संहिता प्रत्येक चालकाला दर दोन तासांनी किमान 15 मिनिटे थांबायला सांगते. तुम्ही हे शेवटचे माप घ्या.

वेळ जाईल, असे तू म्हणशील. हिशेब करू. 400 किलोमीटर ताशी 60 ने गेलात, तर सहा तास चाळीस मिनिटे लागतात. त्यात तीन विसावे म्हणजे पाऊण तास. तेवढा वेळ वेगाने भरून काढायचा, तर सरासरी 68 च्या आसपास न्यावी लागेल, आणि तीही स्टेल्विओसारख्या घाटात, जिथे एका बाजूने चढतानाच 48 हेअरपिन वळणे आहेत. पाऊण तासासाठी हा सौदा मला पटत नाही. कॉफीवर भागेल, हेही खरे नाही. कॉफीचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो. तोवर गाडी चालूच असेल, तर तिचा उपयोग काय? कॉफी पिऊन पंधरा मिनिटे डोळे मिटलेत, तर दोन्हींचा गुण येतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: थांबण्यातही धोका असतो. जर्मनीत ऑटोबानच्या कडेला विश्रांतीसाठी थांबायला मनाई आहे, आणि घाटातल्या वळणावर थांबणे तर जिवावरचे. त्याहून मोठा धोका पुन्हा निघतानाचा. तिकडे उजवीकडून चालवायचे. रहदारीत समोरची गाडी त्याची आठवण करून देते. पण चहा-गप्पांनंतर मोकळ्या रस्त्यावर येताना हात सवयीने डावीकडे वळतो. यावर उपाय थांबणे टाळण्याचा नाही. जागा आधी ठरवलीत, तर वाहनतळ, सावली, पाणी बघून ठरवता येते. आणि प्रत्येक विसाव्यानंतर पुढच्या गाडीवाल्याने ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणूनच गाडी सुरू करायची, हेही आधीच ठरवता येते. दमल्यावर शोधलेल्या जागेत यातले काहीच हाती नसते.

म्हणून आखणी पुन्हा कर. रोजच्या वाटेवर दोन-दोन तासांच्या अंतराने विसाव्याच्या जागा नावानिशी लिही, चौघांच्या सह्या घे आणि निघण्याआधी तो कागद मला पाठव.

तुझा,
काका