नारळाची कुस्ती

आमच्या घरात ‘पैलवान’ हा शब्द टोमण्यासारखा वापरला जायचा. धाकटे काका, म्हणजे तात्या, तरुणपणी जत्रेच्या फडात खेळायचे. सांगलीकडच्या आमच्या गावात पोरासोरांची कुस्ती रेवड्यांवर लागायची आणि त्याहून मोठ्यांची नारळावर. पैशाच्या कुस्त्यांची वेळ उन्हं कलल्यावर यायची. तात्या नारळाच्या फारसे पुढे गेले नाहीत. आप्पा, माझे वडील, त्यांचा हिशेब एका वाक्यात सांगायचे, “दोन म्हशी प्यायला आणि नारळ घेऊन आला.” आम्ही हसायचो. तात्याही हसायचे. त्यांना हे ऐकताना काय वाटत असेल, असा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडला नाही.

मी सीए झालो, लंडनला आलो. पूर्व लंडनमध्ये टॅक्सीवाले, प्लंबर, केस कापणारे अशा स्वतःचं काम करणाऱ्या लोकांची कर-विवरणपत्रं भरतो. 31 जानेवारी ही मुदत असते, त्यामुळे जानेवारीत माझ्याकडे पिशव्या भरभरून पावत्या येतात. अशाच एका जानेवारीत तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. रात्री गोदामात पगारी नोकरी. दुसरा व्यवसाय या रकान्यात लिहिलं होतं, ‘व्यावसायिक मुष्टियोद्धा’.

बॉक्सिंगबद्दल माझी दोन मतं होती आणि ती एकमेकांशी भांडतात हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिलं, यात बक्कळ पैसा आहे. 2015 साली मेवेदर आणि पॅकियाओ लढले तेव्हा त्यांच्या कोट्यवधी डॉलरांचे आकडे मी मित्रांना ऐकवले होते. दुसरं, यात पडणाऱ्यांना डोकं कमी असतं. बर्मिंगहॅमचा पीटर बकली 2008 साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 300 लढती होत्या आणि त्यातल्या 256 तो हरला होता. हा माझा हमखास हशा मिळवणारा किस्सा होता. त्याच 2015 च्या ऑक्टोबरात विजेंदर सिंग मँचेस्टरला पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. आम्ही चार भारतीय घरं एकत्र जमून ती बघितली, पेढे वाटले. समोरच्याचं नाव सनी व्हायटिंग होतं, हे मला आज लिहिताना शोधावं लागलं.

तर मी त्या मुलाला विचारलं, एका लढतीचे किती मिळतात? तो म्हणाला, तिकिटं किती खपतात त्यावर. मला वाटलं, कमिशन मिळत असेल. तसं नव्हतं. कमिशनवाल्याच्या खिशातून निदान काही जात नाही.

त्याने पिशवीतून वही काढली. वर्षातल्या पहिल्या लढतीची त्याने 95 तिकिटं विकली होती, 40 पौंडांना एक. झाले 3,800. त्यातून समोरच्या खेळाडूचं मानधन आणि प्रवासखर्च 1,300. मी पेन थांबवलं. “तुला मारायला येणाऱ्याचे पैसे तू देतोस?” तो म्हणाला, “नवीन माणसाचं असंच असतं.” मग हॉल, डॉक्टर, रुग्णवाहिका, पंच यांतला त्याचा वाटा 1,100. उरलेल्यातून प्रशिक्षकाचे दहा टक्के, 140. सहा जणांनी तिकिटं उधारीवर नेली होती आणि ते नंतर फोन उचलेनासे झाले, म्हणजे आणखी 240 गेले. दहा आठवड्यांची तयारी, जिमची फी, सरावासाठी दुसऱ्या गावी जाणं, फिजिओ, यांचे 600. हातात राहिले 420 पौंड. ही त्याची चांगली लढत होती.

दुसऱ्या वेळी 55 च तिकिटं खपली, आणि जिंकूनही आयोजकाचे 200 पौंड त्याच्याकडून येणे निघाले. प्रशिक्षकाने त्या वेळी काही घेतलं नाही. तयारीचे 600 मात्र गेलेच. तिसऱ्या वेळी वजनाच्या दिवशीच समोरचा आजारी पडला, लढत रद्द झाली, तिकिटांचे पैसे घरोघर जाऊन परत करावे लागले. तयारीचे 600 पुन्हा गेले. शिवाय परवाना, मेंदूचा स्कॅन, रक्ताच्या आणि डोळ्यांच्या तपासण्या यांचे वर्षाला 800. मी बेरीज केली. वर्षाचा तोटा 1,780 पौंड. मॅनेजरला पंचवीस टक्क्यांपर्यंत घेता येतात, पण त्याच्या मॅनेजरने काही घेतलं नव्हतं. घ्यायला होतंच काय?

आता इथे कायद्याची एक मेख आहे. हा तोटा गोदामातल्या पगारातून वजा करता आला असता आणि 20 टक्क्यांच्या दराने त्याला 356 पौंड परत मिळाले असते. अट एकच, तो व्यवसाय नफ्याच्या खऱ्या अपेक्षेने चाललेला हवा. छंदातला तोटा सरकार मान्य करत नाही. मी चष्मा काढला आणि अनुभवी माणसाच्या सुरात म्हणालो, “हे बघ, हा धंदा दिसत नाही. छंद दिसतो. हे सोडून देऊ.”

तो रागावला नाही. वही मिटत म्हणाला, “माझा मेंदू दरवर्षी मशीनमध्ये घालून तपासतात. तो ठीक असला तरच परवाना मिळतो. असा कुठला छंद असतो?”

मी काहीतरी पुटपुटलो. नंतर बघू म्हणालो. तो गेला आणि मी पुढची पिशवी उघडली, पण हिशेब जमेना. मी तेवीस वर्षांचा असताना पुण्यात एका फर्ममध्ये आर्टिकलशिप करत होतो. विद्यावेतन बसच्या पासात आणि चहा-वडापावात संपायचं. खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे आप्पा पाठवायचे. तीन वर्षांचा निव्वळ तोटा, तोही दुसऱ्याच्या खिशातून. वर परीक्षेत दोनदा आपटलो. त्याला घरात कोणी छंद म्हटलं नाही. ‘पोरगा कष्ट करतोय’ असंच म्हणायचे. मीही स्वतःबद्दल तसंच म्हणत आलो, अगदी भाषणांतूनसुद्धा. माझ्या तोट्याचं नाव शिक्षण होतं आणि तात्यांच्या तोट्याचं नाव म्हशी होतं. हिशेब शिकलेल्या माणसाने एकाच प्रकारच्या दोन नोंदी दोन वेगळ्या खात्यांत टाकल्या होत्या, आणि तीस वर्षांत ताळा करून पाहिला नव्हता.

फेब्रुवारीत मी त्याच्याकडून एक तिकीट विकत घेतलं. चाळीस पौंड रोख. मुदत गेली होती, पण भरलेलं विवरणपत्र नंतर वर्षभर दुरुस्त करता येतं, तेवढी सवड ठेवली होती.

लढत बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलमध्ये होती. 1929 साली बांधलेली सार्वजनिक स्नानगृहांची इमारत. आजही तिथे पोहण्याचा तलाव आहे आणि हॉलमध्ये बाराशेएक माणसं दाटीवाटीने बसतात. माझ्या ओळीत त्याची मावशी होती, गोदामातले सहकारी होते, शाळेचा एक शिक्षक होता. तेव्हा मला कळलं की हे तिकीट नव्हे, ही वर्गणी आहे. पैलवान खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, ही गोष्ट मी अभिमानाने सांगत आलो. पदक मिळालं म्हणून ती गोष्ट झाली. न मिळतं, तर आप्पांसारख्या कुणीतरी त्याचाही एका वाक्यात निकाल लावला असता.

समोरच्या कोपऱ्यात पस्तिशी ओलांडलेला एक माणूस होता. त्याच्यासाठी कोणी आलं नव्हतं. नाक एका बाजूला बसलेलं, चेहरा शांत. चार फेऱ्या तो मागे सरकत, मिठी मारत, खांद्यावर ठोसे झेलत राहिला. मध्येच आमच्या या मुष्टियोद्ध्याच्या कानात काहीतरी बोललाही. पंचाने गुण दिले, 40-36. माझ्या ओळीत जल्लोष झाला. तो माणूस टाळ्या वाजवत खाली उतरला.

नंतर मुलाने मला सगळं उलगडून सांगितलं. हा पाहुण्या कोपऱ्यातला माणूस दर पंधरवड्याला कुठे ना कुठे लढतो. तिकिटं विकत नाही. ठरलेले पैसे घेतो. जिंकला तर नव्या मुलांचे आयोजक त्याला बोलवायला कचरतील, म्हणून हरण्याने त्याचं काही बिघडत नाही. पण ठोसा लागून लढत थांबवली गेली, तर किमान 28 दिवस त्याला रिंगमध्ये उतरता येत नाही, म्हणजे महिन्याची कमाई बुडाली. “हरलेलं चालतं, पडलेलं चालत नाही,” मुलगा म्हणाला. “आणि मला सांगत होता, डावा हात खाली येतोय तुझा.”

मला पीटर बकली आठवला. 256 हा आकडा मी हसण्यासाठी वापरत होतो. त्या संध्याकाळी त्या इमारतीत नक्की पैसे घेऊन घरी जाणारा मुष्टियोद्धा तो हरलेलाच होता. आकड्यांचा अर्थ लावणं हे माझं पोट भरण्याचं काम, आणि मी त्या आकड्यावर फक्त दात काढले होते.

मी विवरणपत्र दुरुस्त केलं. नफ्याची अपेक्षा कशी, हे कागदावर मांडायचं होतं, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या बाजूने विचार करावा लागला. सदर्न एरिया विजेतेपद, मग इंग्लिश, मग ब्रिटिश. टीव्हीवर दाखवली जाणारी लढत मिळाली की तिकिटांचं ओझं कमी होतं, मानधन सुरू होतं. किती जण तिथवर पोचतात? फार थोडे. माझ्या बॅचमधले किती सीए झाले? तेही थोडेच. पण नापास झालेल्यांच्या मेंदूवर सूज आली नव्हती, आणि हा फरक कुठल्याच रकान्यात बसत नाही. माझ्या मुलाने उद्या ग्लव्ह्ज मागितले तर मी अजूनही नाहीच म्हणेन. मात्र आता ते माझ्या भीतीपोटी असेल. समोरच्याच्या अकलेबद्दल माझं म्हणणं उरलेलं नाही.

356 पौंड आले. त्याने दुसऱ्या दिवशी स्कॅनची वेळ घेतली.

तात्या जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी आप्पांना फोनवर विचारलं, तात्यांनी नारळ किती आणले असतील?

“आता कसं सांगू? प्रत्येक जत्रेला असायचाच एक.”

“त्यांचं काय करायचात?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “आई फोडायची. मोठा तुकडा मलाच द्यायला लावायचा तो.”

पुढे आम्ही पावसाबद्दल बोललो.