दगडीची गाय शेवटी

मागच्या हिवाळ्यात टीममधला एक मित्र ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या 'कॅटल स्टेशन'वर चार दिवस राहून आला. नंतर आठवडाभर कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. तिकडचं ॲना क्रीक नावाचं सगळ्यात मोठं स्टेशन म्हणे जवळपास 24 हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा पुणे जिल्हा साडेपंधरा हजारांचा. म्हणजे एका स्टेशनात दीड पुणे जिल्हा!

मलाही जावंसं वाटलं. पण ऑस्ट्रेलियाचं तिकीट बघितलं आणि वरकुट्याला जायचं ठरवलं :)

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची गावं दोन, खुर्द आणि बुद्रुक. मी कुठल्या वरकुट्यात राहिलो ते सांगत नाही, का ते पुढे कळेलच. ऑफिसातल्या एका मित्राचे चुलते तिथे दूधधंदा करतात. मित्राला सुट्टी मिळाली नाही, म्हणून एकटाच निघालो. स्वारगेटहून एसटी, सोलापूर हायवे. वाटेत उरुळी कांचन लागतं. मणिभाई देसाईंनी 1967 साली तिथे 'बाएफ' ही संस्था सुरू केली आणि संकरित गाई खेड्यापाड्यात नेल्या. पुढे भिगवण, उजनीचं पाणी आणि मग इंदापूरच्या अलीकडे फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे असलेले काका.

काकांकडे चौदा गाई, त्यातल्या नऊ दुधात. मुक्त गोठा, म्हणजे गाई दावणीला बांधलेल्या नसतात, कुंपणात मोकळ्या फिरतात. पहाटे पाचला धारा, संध्याकाळी पाचला धारा. मधल्या वेळात शेण, मुरघास, पेंड, पाणी, वासरं, आणि कोणी माजावर आली तर डॉक्टरला फोन. मी पहिल्या दिवशी हौसेने सगळं केलं. दुसऱ्या दिवशी पाठीने राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी मात्र धारेचं मशीन जमायला लागलं. आधी कास धुवायची, प्रत्येक सडातल्या पहिल्या धारा वेगळ्या काढून बघायच्या, मग कप लावायचे.

"पाव्हणं, नोकरी सुटली तर या हिकडं," काका म्हणाले. काय कॉलर ताठ झाली म्हणून सांगू!

त्याच रात्री जेवताना काकूंच्या भाचीच्या लग्नाचा विषय निघाला. लग्न नातेपुत्याला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं. नीरा ओलांडली की फार लांब नाही. पण ठरलं होतं की काकू एकट्याच जाणार आणि अक्षता पडल्या की परतणार. सहा वर्षांत दोघांनी मिळून एक रात्र घराबाहेर काढलेली नव्हती. गाईंना शनिवार-रविवार नसतो. धार चुकली की कास तटते, मग दगडी होते. (दगडी म्हणजे कासेला सूज येऊन ती घट्ट होणं.) एक गाय तशी झालीच होती, तिला इंजेक्शनं चालू होती.

मी म्हटलं, "काका, तुम्ही दोघं जा. राहा रात्री. मी बघतो." शेजारचा बारावीतला मुलगा मदतीला होताच. काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी मशीनकडे बघितलं. शेवटी हो म्हणाले आणि जाताना तीनदा बजावलं, "दगडीची गाय शेवटी. तिच्या पायाला लाल चिंधी हाय. तिचं दूध कॅनमधी न्हाय घालायचं."

संध्याकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. पहिला कॅन भरला. दुसऱ्यात पंचवीसेक लिटर झालं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. सुट्टीवर असून घेतला. खांद्याला मोबाईल दाबून पुढची गाय उरकली, दूध गाळून कॅनमध्ये ओतलं, फोन ठेवला आणि मग तिच्या पायाकडे बघितलं. शेणाने माखलेली चिंधी. शेणाखाली लाल.

मुलगा पेंड आणायला गेला होता. कोणीही बघितलेलं नव्हतं.

आता खरं सांगतो. पहिला विचार आला तो हिशेबाचा. सात लिटर दूध, डेअरीच्या टाकीत हजारो लिटरमध्ये मिसळणार. डेअरीत फॅट आणि एसएनएफ बघतात, त्यात हे दिसणार नाही. मोठ्या प्लँटवर कदाचित सापडेल, पण तोवर ते कोणाचं हे कोण सांगणार? आमच्या धंद्यात याला 'एज केस' म्हणतात आणि पुढच्या रिलीजवर ढकलतात. पण दुधात उतरलेलं अँटिबायोटिक उकळून जात नाही. त्या दुधाला विरजणसुद्धा धड लागत नाही. आणि डेअरीच्या वहीत नाव काकांचं असतं, माझं नाही.

फोन लावला. मागे बँड वाजत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "त्यो कॅन बाजूला काढा. बाकीचं घाला डेअरीला. तुम्ही च्या घेतला का?"

बत्तीस लिटर दूध शेणखताच्या खड्ड्यात ओतलं. ओतायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

रात्री साडेदहाला अंगणात मोटारसायकल थांबली. दोघंही परत आले होते. काकूंच्या केसात अजून गजरा होता. "न्हाय तर यायचंच हुतं," त्या म्हणाल्या आणि जरीच्या साडीतच गोठ्यात जाऊन त्या गाईच्या कासेवरून हात फिरवला. मला कोणी एक शब्द बोललं नाही. सकाळी मी पैसे पुढे केले तर काकांनी हात जोडले.

दूध हजार रुपयांचं असेल फार तर. ते गेलं त्याचं एवढं नाही. पण मी गप्प बसलो असतो तर काकू त्या रात्री माहेरी राहिल्या असत्या. खरं बोललो मी आणि रात्र गेली त्यांची. तेव्हापासून 'प्रामाणिकपणा' वगैरे शब्द वापरताना जरा जीभ अडखळते. फोन घेतला नसता तर दोन्ही वाचलं असतं, एवढं मात्र नक्की.

असो. गेल्या आठवड्यात मित्राकडून निरोप आला. यंदा काकूंच्या भाच्याचं लग्न आहे. "पाव्हण्याला सुट्टी हाय का इचार. म्हणावं, येताना मोबाईल घरी ठिव."

सुट्टी टाकली आहे.