कोपर कुठे जातंय?

पन्नाशीला टेकलो आणि उजवा खांदा धरला. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "पोहताना हात कसा टाकता?" मला सांगता येईना. चाळीस वर्षं पोहतोय, पण हाताकडे लक्ष असं कधी दिलंच नव्हतं.

पोहायला शिकलो ते बदलापूरला, उल्हास नदीत. काकांनी पाठीला रिकामा डबा बांधला आणि "मार हात" म्हणून सोडून दिलं. नदीत डोकं वर ठेवावं लागतं, समोरून काय वाहत येतंय ते दिसायला हवं. पण डोकं वर राहिलं की कंबर बुडते, आणि हात पाणी मागे रेटायचं सोडून खाली दाबत बसतात. नदीने दम दिला आणि ही खोडही लावली.

खांद्यामुळे हात तपासून घ्यायला अंबरनाथच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथल्या प्रशिक्षक सरांनी आधी नुसतं पोहायला लावलं. २५ मीटरला २७ हात. मग मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. माझा हात अंगठ्याकडून पाण्यात शिरत होता, नाकासमोरची रेघ ओलांडून पलीकडे जात होता. असा हात टाकला की खांदा आतल्या बाजूला पिळला जातो. दुखणं तिथलं होतं. आणि पाणी ओढायला सुरुवात करताच कोपर खाली पडत होतं, म्हणजे पाणी धरायच्या आधीच निसटत होतं.

"बोटं आधी, खांद्याच्या रेषेत. मग बोटं तळाकडे वळव, कोपर वरच राहू दे. पाण्यात मोठं पिंप आहे, त्याच्यावरून हात टाकून ते मागे ढकलतोयस असं समज," सर म्हणाले.

मी शाळेत ऐकलेलं सांगितलं, की हात पाण्याखाली इंग्रजी एससारखा वळवायचा. सरांनी ते मोडीत काढलं नाही. अमेरिकी पोहण्याचे प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी पाण्याखालची चित्रणं पाहून १९६८च्या पुस्तकात तो विचार मांडला होता, आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. पण शरीर कुशीवर वळतं तेव्हा थोडं वळण आपोआप येतं. मुद्दाम नागमोडी ओढायला गेलं की जोर बाजूला वाया जातो. आज बहुतेक प्रशिक्षक उंच कोपर आणि सरळ मागे रेटा, एवढंच शिकवतात.

कोपर वर ठेवायला शिकताना खरा फरक पडला तो मुठी वळून पोहण्याने. पहिल्या दिवशी हात नुसते पाण्यातून निसटत होते, अर्ध्यातच धाप लागली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याचा दाब जाणवला, जणू पुढचा सगळा हात वल्हं झाला होता. तळव्यावर जोर देत इतकी वर्षं घालवली आणि एवढा लांब हात रिकामाच फिरत होता! मूठ उघडली आणि शरीर एका हातात केवढं तरी पुढे सरकलं.

आता २५ मीटरला २० हात लागतात. घाई केली की २३ होतात, कारण घाईत कोपरच पहिलं पडतं. खांदा चार महिन्यांत शांत झाला.

आमच्या भागात माझ्यासारखे नदीत, विहिरीत शिकलेले पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगेन: स्वतःचं कोपर पोहताना स्वतःला दिसत नाही. एकदा कुणाला तरी मोबाइल घेऊन काठावर उभं करा.