विहीणबाईंचा हंगाम

(प्रवासाची दैनंदिनी : भाग सहावा)

शुक्रवार, रात्री

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. त्याची चाहूल मॅडिसन सोडल्यापासूनच लागली. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, चर्चबाहेरच्या फलकाखाली, जिथे पाहावं तिथे भडक नारिंगी टोप्या आणि जाकिटं. शिकाऱ्यांनी एकमेकांना हरीण समजून गोळी घालू नये म्हणून १९८० मध्ये इथे हा रंग सक्तीचा झाला. गंमत म्हणजे हरणाला तो दिसत नाही. त्याच्या डोळ्याला नारिंगी आणि तांबडा फिकट मातकट वाटतो, निळा मात्र लख्ख दिसतो. म्हणून माझी जीन्स विहीणबाईंनी आल्या आल्या बाद केली आणि आपली करडी लोकरी विजार काढून दिली.

विहीणबाई म्हणजे माझ्या भाच्याच्या सासूबाई. पासष्टी उलटलेल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर त्यांनी गाई विकल्या, शेत खंडाने दिलं आणि चाळीस एकरांचं रान तेवढं स्वतःकडे ठेवलं. राज्याच्या नैर्ऋत्येकडचा हा मुलूख हिमयुगातल्या हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला, त्यामुळे बाकीच्या राज्यासारखा सपाट झाला नाही. अरुंद डोंगरधारा, मधे खोल घळी, तळाशी थंड पाण्याचे ओढे. धारेवर मका नि सोयाबीन, उतारावर ओक आणि हिकरी.

अंधार पडायच्या आत त्यांनी मला रान दाखवलं. दहा वर्षांपूर्वी लावलेली ओकची रोपं दोन प्रकारची होती. तारेच्या जाळीतली माझ्या डोक्याच्या वर गेलेली, जाळीबाहेरची गुडघ्याएवढी. जाळीबाहेरच्या एका रोपाचा शेंडा त्यांनी माझ्या बोटांत दिला. चिरफाळलेला, दोरे सुटलेला. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी तोडत नाही, ओरबाडतं. सशाने खाल्लेली फांदी सुरीने तिरकी कापल्यासारखी दिसते. "यंदा मला मादी हवी," विहीणबाई म्हणाल्या. "नर कितीही मारले तरी रानाला काही फरक पडत नाही."

शनिवार

पहाटे साडेचारला उठलो. मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी खोली, दोघींना जेमतेम बसता येईल एवढी. आधी रिकाम्या हाताने वर चढायचं, मग खाली दोरीला बांधून ठेवलेली रिकामी रायफल ओढून घ्यायची. हा क्रम त्या चुकवत नाहीत. रायफल त्यांच्या वडिलांची, थर्टी-थर्टी, लिव्हरची. काडतुसं भरली ती घड्याळ पाहून. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत, एवढाच कायदेशीर वेळ असतो.

पहिला बार पलीकडच्या धारेवर झाला. मग चहूकडून. तासाभरात पुन्हा सगळं शांत. पायांची बोटं आधी दुखली, नंतर बधिर झाली. नऊच्या सुमाराला एक तरुण नर उतारावरून खाली आला, कानांपेक्षा थोडी उंच दोन सरळ शिंगं, मान खाली, जमीन हुंगत. हा माजाचा काळ, नरांचं अर्धं लक्ष माद्यांच्या वासाकडे असतं. तो मचाणाच्या इतक्या जवळ आला की त्याच्या पापण्यांचे केस दिसले. विहीणबाईंनी रायफल मांडीवरून उचललीसुद्धा नाही.

आमच्या चंद्रपूरकडे लहानपणी मी शिकारीच्या गोष्टी ऐकल्या त्या जीपच्या आणि सर्चलाइटच्या. रात्री रस्त्याने जायचं, डोळे चमकले की दिवा रोखायचा, दिपून उभं राहिलेलं चितळ उडवायचं. गाभण आहे की पाडस आहे, कोणी पाहत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबवलं आणि फार बरं केलं, हे माझं मत आजही तेच आहे. विस्कॉन्सिनमध्येही प्रकाशझोतात हरीण मारणं हा गुन्हाच आहे. मी इथे आले ती आमची बंदी चुकली की काय हे पाहायला नव्हे. ज्या जागी माणसाने लांडगे संपवले तिथे हरणांचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. राज्याच्या उत्तरेकडे लांडगे परतले आहेत. इकडे कायोटी पाडसं उचलतात, पण धडधाकट मादीच्या वाटेला सहसा जात नाहीत.

रविवार

दिवसभर पाऊस आणि धुकं. बसलो, भिजलो, परत आलो.

सोमवार

वारा फिरला. विहीणबाईंच्या खिशात मिल्कवीडची एक वाळलेली शेंग असते. आपल्या रुईच्या कुळातली ही वनस्पती, आत तशाच रेशमी म्हाताऱ्या. त्यांनी एक म्हातारी खिडकीतून सोडली आणि आम्ही दोघी ती कुठे जाते ते पाहत राहिलो. आधी ती उतारावरून खाली घळीत गेली, कारण पहाटेची गार हवा जड होऊन खाली वाहते. ऊन आल्यावर सोडलेली दुसरी म्हातारी वर चढली आणि थेट धारेवरच्या पायवाटेकडे निघाली. हरणं दिवसा त्याच धारेच्या आडोशाला बसतात. आपला वास त्यांच्याकडे चालला आहे हे कळल्यावर बसण्यात अर्थ नव्हता. आम्ही सामान गुंडाळून उतरलो.

एवढी ताकदीची रायफल हातात असताना, बोटावर मावणाऱ्या त्या तंतूने सांगितलं म्हणून उठून जाणं मला फार आवडलं. शिकारीचं खरं शिक्षण इथे आहे असं मला वाटतं. नेम काय, कोणीही शिकेल.

बुधवार

मंगळवारही कोरडा गेला. पहिल्या दोन दिवसांच्या गोळीबारानंतर हरणं रात्रीची झाली आहेत. ओढ्याकाठच्या चिखलात ताजे खूर उमटलेले दिसतात, जनावर दिसत नाही.

आज सकाळची बैठक संपवून दुपारी तासाभराच्या वाटेवर बाराबूजवळ अल्डो लिओपोल्ड यांची झोपडी पाहून आलो. १९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक नापीक झालेली शेती विकत घेतली आणि तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची ही झोपडी केली. सुट्टीच्या दिवशी बायकामुलांसह येऊन त्यांनी हजारो पाइन लावले. आज ते पाइन उंच झाले आहेत. लिओपोल्ड स्वतः शिकारी होते आणि मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत. तरुणपणी नैर्ऋत्य अमेरिकेत वनखात्याच्या नोकरीत असताना त्यांनी लांडगे मारले होते. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, असा तेव्हाचा समज होता. पुढे लांडगे नसलेल्या डोंगरावर हरणांनी झाडोरा फस्त केलेला आणि शेवटी हरणंही उपाशी मेलेली त्यांनी पाहिली.

१९४३ मध्ये ते राज्याच्या संवर्धन आयोगावर होते. हरणं रान खाऊन संपवताहेत, माद्याही मारल्या पाहिजेत, असं त्यांनी उघडपणे मांडलं आणि त्या वर्षीच्या हंगामात तशी परवानगी मिळाली. लोक खवळले. मादी मारणं हे त्या शिकाऱ्यांना पाप वाटे. त्या हंगामाला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असं नाव पडलं. विहीणबाईंच्या वडिलांनीही त्या वर्षी लिओपोल्ड यांना शिव्या घातल्या होत्या म्हणे. १९४८ च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतात लागलेला वणवा विझवताना लिओपोल्ड गेले. त्यांचं प्रसिद्ध पुस्तक त्यानंतरच्या वर्षी आलं.

त्या वडिलांची रायफल घेऊन मुलगी आज मादीची वाट पाहते आहे. लोकांची मतं बदलतात, पण त्याला एक पिढी जाते. दरम्यान रोपं खाल्ली जातात.

गुरुवार, थँक्सगिव्हिंग

टर्की भट्टीत, लेक-जावई आणि नातवंडं घरात, आणि आजी मचाणावर. दुपारी चारला आम्ही दोघी पुन्हा बसलो. सूर्य साडेचारच्या आसपास मावळतो. उजेड झपाट्याने उतरत होता तेव्हा घळीच्या तोंडाशी दोन माद्या बाहेर आल्या. पुढची मोठी, छातीने रुंद. पण मधे बोरीसारख्या काटेरी झुडपांची गच्च जाळी. त्या जाळीतून गोळी घालायची नाही. आम्ही थांबलो. मोठी मादी दोन पावलं चाले, कान फिरवी, पुन्हा थांबे. अखेर ती उघड्यावर आली, सत्तर पावलांवर, आडवी उभी.

विहीणबाईंनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं होऊन गेली होती, फार तर एक-दोन मिनिटांनी. मला मादीची मान, पाठ, शेपटीखालचे पांढरे केस, सगळं स्वच्छ दिसत होतं. आसपास मैलभर कोणी नव्हतं. त्यांनी लिव्हर खालीवर करून एकेक काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. त्या आवाजासरशी दोन्ही पांढऱ्या शेपट्या वर उठल्या आणि दिसेनाशा झाल्या.

घरी परतताना मी म्हटलं, "दिसत तर होतं सगळं." त्या म्हणाल्या, "वेळ झाली म्हणजे झाली." आणि जेवणाच्या टेबलावर या गोष्टीचा उच्चारही केला नाही.

शुक्रवार

रात्री चार बोटं बर्फ पडलं. गोठवणारा वारा. काही नाही.

शनिवार

वारा पडला होता. आठ वाजून गेल्यावर तीन माद्या एकामागे एक उतरल्या. पहिली मोठी, बहुधा गुरुवारचीच. विहीणबाईंनी रायफल खिडकीच्या चौकटीवर टेकवली, एक श्वास सोडला आणि बार काढला. मादीने उडी घेतली आणि ती खाली घळीत धावत गेली. बाकीच्या दोघी धारेपलीकडे पळाल्या.

लगेच उतरायचं नाही. जखमी जनावराच्या मागे लागलं तर ते मैलभर जातं, बसू दिलं तर जवळच मरतं. अर्धा तास आम्ही गप्प बसलो आणि मी पाहिलं, त्यांचे हात थरथरत होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या शिकार करताहेत. "दर वेळी होतं," एवढंच म्हणाल्या.

बर्फावर माग सोपा होता. आधी केसांचा पुंजका, मग लाल थेंब, मग भळभळ, आणि त्यात बारीक फेस. फेस म्हणजे फुप्फुस लागलं, जनावर फार वेळ तडफडलं नाही. साठेक पावलांवर ती आडवी पडली होती, डोळे उघडे. विहीणबाईंनी फांदीने डोळ्याला स्पर्श करून खात्री केली, मग हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला. मीही ठेवला. अंग ऊबदार होतं. हिवाळ्यातले हे केस आतून पोकळ असतात, त्यातल्या हवेमुळे जनावराला थंडी सोसते. बोटं आत जाईनात इतके ते दाट होते.

पोट उघडल्यावर त्या थंडीत वाफेचा लोट आला. वास रक्ताचा आणि चघळलेल्या ओकफळांचा, मक्याचा. मला मळमळलं नाही, पण रडू आलं. मी मांसाहारी घरात वाढले, आयुष्यभर खाटकाकडून पिशवी भरून आणली. त्या पिशवीच्या अलीकडे काय असतं ते आज पाहिलं आणि पाहिलं हे बरं झालं. काळीज, यकृत वेगळं काढून बाकीचं तिथेच कावळ्यांना ठेवलं. मग प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर मादीला घालून दोघींनी ओढत वर आणलं. दोनशे पावलांना पाऊण तास लागला.

रविवार

शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे करावी लागते. ती फोनवर झाली. त्यानंतरचं काम मला नवीन होतं. हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा एक रोग आहे, इथे सगळे त्याला सीडब्ल्यूडी म्हणतात. १९६७ मध्ये तो प्रथम कोलोरॅडोत दिसला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला, आणि राज्याचा हाच भाग त्याने सगळ्यांत जास्त ग्रासला आहे. घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे तो होतो आणि शिजवल्याने ते प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. म्हणून मानेच्या थोड्या भागासह डोकं पिशवीत घालून, माहितीचा कागद जोडून, रस्त्याकडेच्या सरकारी पेटीत टाकलं. मानेतल्या लसीकाग्रंथींची तपासणी होते. हरणांची दाटी जितकी जास्त तितका हा रोग पसरतो, त्यामुळे मादी मारण्याला आता रोपांखेरीज दुसरंही कारण आहे.

दिवसभर स्वयंपाकघराच्या टेबलावर मांस कापलं. पाठीचे लांब पट्टे, मांड्या, खिम्याचे तुकडे. पांढऱ्या कागदात गुंडाळून प्रत्येकावर तारीख लिहिली. निकाल येईपर्यंत एकही पुडकं उघडायचं नाही.

कापता कापता विहीणबाईंनी काडतुसांच्या खोक्यावर बोट ठेवलं. १९३७ च्या एका कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. हा कर शिकाऱ्यांनी स्वतः उचलून धरला होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला साऱ्या अमेरिकेत ही पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती. बाजारासाठी मारून संपवली होती. आज ती कोट्यवधी आहेत.

दोन आठवड्यांनंतर, मॅडिसन

निकाल आला. रोग नाही. भाच्याकडे ठेवलेलं पुडकं उघडलं आणि मी सोबत आणलेला कांदा-लसूण मसाला लावून पाठीचा पट्टा परतला. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे जास्त शिजवलं तर चामड्यासारखं होतं. मोठ्या आचेवर दोन मिनिटं पुरे.

मॅडिसन, मिलवॉकीकडच्या मराठी मंडळींना एक विनंती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना घेऊन रानात फिरायला जाल तर सगळ्यांना नारिंगी टोपी आणि जाकीट घाला, कुत्र्यालाही. त्या दिवसांत बहुतेक राज्य उद्यानांतही शिकारीला परवानगी असते. टोप्या कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळतात.