निरोपाची जाहीर सूचना

लग्न ठरले, की आपल्या चर्चमध्ये त्याची जाहीर घोषणा होते. कोणाची हरकत असल्यास त्याने ती वेळीच कळवावी, हा तिचा हेतू. भागीदारी सोडतानाही अशीच घोषणा करावी लागते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

एका बालमित्रासह आम्ही फर्निचरचा छोटा कारखाना चालवीत होतो. 1992 साली प्रकृती साथ देईना, म्हणून आम्ही बाहेर पडलो. हिशेब झाला, मुद्रांकाच्या कागदावर सह्या झाल्या. 'यापुढील सर्व देणी माझी,' असे मित्राने लिहून दिले.

वर्षभराने वखारवाल्या शेठची नोटीस आमच्या दारी आली. आम्ही निघाल्यानंतर मित्राने उधारीवर लाकूड उचलले होते. बाकी होती 46 हजार रुपये. कागद घेऊन आम्ही वकिलांकडे धावलो. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "तुम्ही निघालात, हे शेठला कोणी सांगितले?" आम्ही निरुत्तर झालो.

1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या संपूर्ण देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. धनको कोणाही एकाकडे सगळी रक्कम मागू शकतो आणि त्यापायी घरदारही पणाला लागते. जुने देणे धनकोच्या संमतीवाचून अंगावरून उतरत नाही. पुढील व्यवहारांतून मोकळे व्हायचे, तर राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील एका तरी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. पेढी नोंदलेली असल्यास निबंधकालाही कळवावे लागते. आम्ही भागीदार आहोत हे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याची गोष्ट निराळी. हा शेठ तर वर्षानुवर्षे आमच्याच हातून पैसे घेत आला होता. मित्राचा कागद आम्हां दोघांपुरता. शेठवर तो बंधनकारक नव्हता.

हिच्या पाटल्या मोडून आम्ही पैसे भरले. मित्राने ते चार वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडले. पण तेवढा काळ मिस्सा संपताच तो बाजूच्या दाराने निघून जाई. सूचना दिली तर त्याच्यावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, असे आम्हांला वाटले होते. त्या संकोचाची किंमत त्यानेच अधिक मोजली.

पुढे धाकट्या मुलाने भागीदारी सोडली, तेव्हा त्याला आणि त्याच्या भागीदाराला आम्ही एकत्र जेवायला बोलाविले. जेवण झाल्यावर सूचनेचा मजकूर दोघांसमोर बसून आम्हीच लिहून दिला.