कुलूप शाबूत होतं

लिहू की नको करत दोन शनिवार गेले. आज लिहूनच टाकतो.

गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो होतो. (लालबागचा कोकणी माणूस गणपतीत लालबागला सापडत नाही, हा विनोद जुनाच आहे.) गौरी-गणपतीचं विसर्जन करून परत आलो, तर घराचं दार नुसतं लोटलेलं. आणि गंमत बघा, बाहेरच्या सेफ्टी डोअरचं कुलूप शाबूत! लावलं तसंच, बंद, कोयंड्यात लटकत होतं. फक्त कोयंडाच चौकटीतून उपटलेला. खाली चार स्क्रू पडले होते. उचलून बघितले, जेमतेम अर्धा इंच. आतल्या दाराचं लॅच घाईत नुसतं ओढून घेतलं होतं, किल्ली फिरवलीच नव्हती. तसलं लॅच पातळ पट्टीनंही सरकतं म्हणे.

आईच्या पाटल्या गेल्या. १९८२ च्या गिरणी संपात तिच्या लग्नातल्या पाटल्या विकून आमच्या घरात धान्य आलं होतं. या दुसऱ्या मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केल्या होत्या. आई रडली नाही. "गेल्या तर गेल्या," एवढंच म्हणाली. पण तेव्हापासून रात्री दोन वाजता उठून कडी चाचपून बघते.

पंचनामा करायला आलेले हवालदार म्हणाले, "साहेब, चोर कुलपाच्या नादाला लागतच नाही. कुलूप तुम्ही भारी घेता, स्क्रू मात्र सुतार देईल ते."

च्यायला, हेच तर मी ऑफिसात नवीन पोरांना शिकवतो! पासवर्ड सोळा अक्षरी ठेवलास, पण मागची खिडकी उघडी आहे त्याचं काय?

कुलपाचा आणि लालबागचा संबंध तसा जुना आहे. वकिली सोडून दिलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये इथेच, लालबागेत, एका छोट्या शेडमध्ये कुलपं बनवायला घेतली. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून ही कल्पना सुचली असं सांगतात. आदल्या वर्षी प्लेग आला होता आणि लाखो लोक शहर सोडून गेले होते. म्हणजे गल्लोगल्ली बंद घरं. चोराला अजूनही तेच लागतं : आत कोणी नाही याची खात्री. ती आम्हीच बाहेर कुलूप लटकवून दिली. वर व्हॉट्सॲपवर गावच्या आरतीचे फोटो!

आमच्या जुन्या चाळीतला कोयंडा याहून तकलादू होता. तरी चोरी झाली नाही. कारण साधं आहे. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे चोवीस तास गॅलरीत कोणीतरी जागं. अनोळखी माणूस जिना चढला की "कोण पाहिजे?" हा प्रश्न तीनदा यायचा. पण उगाच गळा काढणार नाही. त्याच गॅलरीला आमच्या घरातलं प्रत्येक भांडण ऐकू जायचं. टॉवरमध्ये आल्यावर दार लावून घ्यायची सगळ्यात जास्त हौस मलाच होती.

आता चौदावा मजला, चार दारं, चारही बंद. लिफ्टच्या कॅमेऱ्यात दोघं दिसतात, खांद्याला हत्यारांची पिशवी. सगळ्यांना वाटलं एसीवाले. समोरच्या काकूंनी ठोकाठोक ऐकली होती. त्या अगदी ओशाळून म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्याकडे काम चाललंय."

मला राग आला होता, खरंच. मग विचार केला, त्यांच्याकडे ठोकाठोक झाली असती तर मी उठून बघितलं असतं का? नसतं. हेडफोन लावला असता.

असो. आता काय केलं ते सांगतो, तुमच्याही कामाला येईल. चौकटीला लोखंडी पट्टी आणि भिंतीत शिरणारे चार इंची स्क्रू. बाहेर लटकणारं कुलूप बंद; दाराच्या आत बसणारं कुलूप आणि किल्लीचे पूर्ण दोन फेरे. उरलंसुरलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. फोटो परत आल्यावर. हे सगळं एका शनिवारात झालं.

समोरच्यांची बेल वाजवायला मात्र अजून एक शनिवार लागला. सहा वर्षांत त्यांचं आडनाव माहीत नव्हतं हो! आईच पुढे झाली, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. एक किल्ली आणि गावचा फोन नंबर आता त्यांच्याकडे असतो, त्यांची किल्ली आमच्याकडे.

काल दुपारी त्यांच्याकडे ड्रिलचा आवाज आला. हेडफोन काढून जाऊन बघून आलो. पडद्याचे रॉड लावत होते. चहा मिळाला.